चिठ्ठी किती लांब असावी?



औषधांसारख्या विषयावर अर्ध्यातून शाळा सुटलेल्या माणसाने बोलावे काय, अशी शंका आपल्या मनात आली असेल. आम्ही डॉक्टर नाही. परंतु तीस वर्षे कामगारांबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसलो आहोत, आणि चिठ्ठीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हे आम्हांला ठाऊक आहे.

प्रारंभी आमचाच एक अपराध सांगतो. फार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नवे डॉक्टर आले. सर्दीतापाच्या रोग्याला ते नीट तपासत, तापाच्या चार गोळ्या देत आणि सुई न टोचता घरी पाठवीत. कामगार चिडले, आम्ही मोर्चा नेला. "गरिबाला सुई का नाही?" ही आमची घोषणा. डॉक्टर म्हणाले, "सुई टोचायला मला श्रम नाहीत, तुम्हांला तिचा उपयोग नाही." ते कोणी ऐकले नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली आणि आम्ही पेढे वाटले. पुढे वाचू लागलो तेव्हा उमगले, की त्या दिवशी आम्ही अन्यायाशी नव्हे, शहाणपणाशी लढलो होतो.

हे शहाणपण काही गूढ नाही. १९८५ साली नैरोबीच्या परिषदेत ते मांडले गेले : रोग्याच्या गरजेचेच औषध, योग्य मात्रेत, पुरेसे दिवस आणि कमीत कमी खर्चात. बाह्यरुग्ण विभाग तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली मोजमापेही दिली. दर रोग्यामागे औषधे किती, प्रतिजैविके व सुया किती जणांना, मूळ नावाने लिहिलेली किती, आवश्यक यादीतली किती. लांब चिठ्ठी म्हणजे मोठा डॉक्टर, असे त्यात कोठेही नाही!

सलाइनचेच घ्या. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोड्याचे पाणी पाजले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू चारच्या खाली आले. आणि आम्ही मात्र साध्या अशक्तपणाला बाटली लावून घेतो, दिवसाची मजुरी घालवून.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. उलट ते अकारण घेतल्याने जंतू निर्ढावतात. पेनिसिलिनच्या फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात हा धोका सांगितला होता. एकाने उगाच घेतलेल्या गोळीची किंमत दुसऱ्याच्या लेकराला मोजावी लागते. म्हणूनच हा प्रश्न संघटनेचा आहे.

सगळा दोष डॉक्टरांवर टाकणे मात्र सोपे आणि खोटे. बाहेर शेदीडशेंची रांग असली की समजावून सांगण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे लवकर उरकते. तेव्हा मोर्चा न्यायचाच, तर जादा डॉक्टरांसाठी न्यावा, मूळ नावाच्या स्वस्त औषधांसाठी न्यावा. आणि आपण प्रत्येकाने तीन प्रश्न विचारावेत : हे औषध कशासाठी? किती दिवस? घेतले नाही तर काय होईल?

ते डॉक्टर आज कोठे आहेत, आम्हांस ठाऊक नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली होती. ती आज आपल्या साक्षीने मागतो आणि आपली रजा घेतो.