नीमच्या रिंगणात ऐकलेले साचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने प्रवासात पाहिलेले काही सांगावे, असा आपला रिवाज आहे. कुणी काशी सांगितली, कुणी अष्टविनायक. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मला व्याख्यानाची सवय नाही. पण २०१७ च्या जुलैत फ्रान्समध्ये मी जे ऐकले, ते गिरणगावातल्या बायकांपुढे सांगण्याजोगे आहे, म्हणून उभी राहिले.

माझी धाकटी बहीण मोंपेलिए या शहरात असते. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले होते. तिच्या यजमानांनी एका गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटे फार आधी काढून ठेवली होती. पण बाळ दीड महिन्याचे, बहीण कशी जाणार? ती म्हणाली, "ताई, तू जा यांच्याबरोबर. इतके दिवस घरातच आहेस." तेव्हा मी पंजाबी ड्रेस घातला, पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि निघाले. आगगाडीने अर्ध्या तासात नीम हे गाव आले. नाव ऐकून मी कडुनिंब आठवत होते, पण तिथे पाहिले ते भलतेच!

गावाच्या मधोमध रोमन लोकांनी बांधलेले एक दगडी रिंगण आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. १३३ मीटर लांब, १०१ मीटर रुंद, २१ मीटर उंच. बाहेरून दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर ६० कमानी. आत चोहोबाजूंनी दगडी पायऱ्या. पूर्वी तिथे सुमारे २४,००० माणसे बसून माणसांची झुंज पाहत. रोमन राज्य गेल्यावर लोकांनी त्याची गढी केली, पुढे आत घरेच बांधली. अठराव्या शतकात तिथे सुमारे ७०० माणसे नांदत होती. म्हणजे आपली चाळच की! नंतर ती घरे काढून रिंगण मोकळे केले. आता तिथे खेळ होतात, गाणे होते.

बहिणीच्या यजमानांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ऑगस्टस बादशहाने झुंजींच्या वेळी बायकांना अगदी वरच्या, लांबच्या रांगा नेमून दिल्या होत्या. आम्ही बसलो ते मधल्या पायऱ्यांवर, याचे मला बरे वाटले. दुसरी गोष्ट अशी की, इथल्या दगडांवर कोरून ठेवले आहे की, रोन आणि सोन या नद्यांवरच्या नावाड्यांसाठी ४० जागा राखीव. नावाडी म्हणजे हातावर पोट असलेली माणसे. त्यांची जागा दगडात कोरलेली, ती आजवर टिकली.

आता गाण्याविषयी. या प्रकाराला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. म्हणजे कारखान्याचा आवाज आणि जोरकस विजेच्या गिटारी यांचा मेळ. यातल्या मेटल संगीताचे एक मूळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात आहे. तिथे टोनी आयोमी नावाच्या मुलाची बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली तुटली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि गिटार सोडली नाही. १९८० साली बर्लिनमध्ये काही तरुणांनी भंगार लोखंड आणि ड्रिल यंत्रे घेऊन गाणे सुरू केले. अशा धारा पुढे एकत्र आल्या. त्या रात्री आम्ही ऐकला तो रामस्टाइन नावाचा जर्मन ताफा. सहा जण, १९९४ पासून एकत्र. ज्या गावावरून त्यांनी नाव घेतले, तिथे १९८८ साली विमानांच्या कसरतीत अपघात होऊन ७० माणसे दगावली होती.

नऊ वाजले तरी आकाशात उजेड होता. मग अंधार पडला आणि एकदम धडाका झाला. रंगमंचावर ज्वाळा उठल्या. इतक्या लांब बसून गालाला धग लागली, चुलीपुढे लागते तशी. आवाज कानांतून येत नव्हता, बुडाखालच्या दगडातून चढत होता. एकच ठेका, पुन्हा तोच, पुन्हा तोच. खट खटाक, खट खटाक.

भगिनींनो, माझे वडील गिरणीत साचेवाले होते. लहानपणी आईबरोबर डबा घेऊन मी गिरणीच्या फाटकाशी जाई. भिंतीपलीकडे शेकडो धोटे एकदम पळत आणि पायाखालची फरसबंदी थरथरे. हा ठेका मला ओळखीचा होता!

बहिणीचे यजमान मला काही सांगू पाहत होते, पण शब्द ऐकू येईना. मी हाताने खूण केली आणि त्यांच्या ओठांकडे पाहिले. त्यांनी विचारले होते, "घाबरलात का?" मी मान हलवली. ही विद्या मला वडिलांनी दिली. साचेखात्यात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून कामगार ओठ वाचत आणि खुणांनी बोलत. घरीही वडील तसेच बोलत, कारण त्यांचे कान गिरणीतच गेले. आम्ही त्यांना बहिरे म्हणून हसत असू आणि तेही हसत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडिलांना पुन्हा कामावर घेतले नाही. आई खानावळीचे डबे करू लागली. पुढे तिच्या हाताखाली कुणीतरी हवे म्हणून माझी शाळा सातवीला थांबली. त्या डब्यांवर धाकटी शिकली. आज ती फ्रान्समध्ये आहे आणि तिच्याच तिकिटावर मी त्या पायरीवर बसले होते. सभोवती हजारो लोक नाचत होते आणि मी डोळे पुसत होते.

एक गोष्ट सांगायला हवी. २०२३ साली या ताफ्याच्या गायकावर काही स्त्रियांनी गंभीर आरोप केले. त्याने ते नाकारले. बर्लिनच्या सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून ती बंद केली. खरेखोटे आपण ठरवू शकत नाही. पण गाणे आवडले म्हणून गाणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवू नये, एवढे मुलांना जरूर सांगावे.

मुले असली गाणी लावतात तेव्हा दार लोटून घेण्याआधी एकदा शेजारी बसून ऐका. मात्र कान सांभाळायला सांगा. त्या रात्री आम्ही कानांत बोळे घातले होते. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबेलची मर्यादा आहे, आणि गेलेले कान परत येत नाहीत, हे माझ्या घराला ठाऊक आहे.

शेवटची विनंती. नीमच्या नावाड्यांची जागा दगडात राहिली. आपल्या साचेवाल्यांची आणि कांडीखात्यात राबलेल्या बायकांची जागा कुठे आहे? कितीतरी गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. भोंगा कसा वाजे, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होताहेत. माझे वडील गेले, त्यांचा आवाज कुणीच टिपून ठेवला नाही. म्हणून येत्या वर्षी मंडळाने दरमहा एका जुन्या कामगाराला किंवा कामगार बाईला बोलवावे, चहा द्यावा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपून घ्यावे. पहिल्या महिन्याचा चहा आणि कांदेपोहे माझ्याकडून.