बसून पाहण्याचे मैदान



आपल्या जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ माणसे दरसाल अंबाबाईच्या दर्शनासाठी कोल्हापूरला जातात. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव अशी आपल्याच मुलखातून धावत असल्यामुळे, धुळेकरांनी चाळीसगावी गाडी बदलली की त्यांनाही पुढची विवंचना उरत नाही. देवीची ओटी भरून झाली, रंकाळ्यावर फेरफटका झाला, पन्हाळा चढून-उतरून झाला, गुळाची ढेप आणि पायताणांचा जोड पिशवीत पडला, म्हणजे प्रवास सार्थकी लागला असे मानून ही मंडळी परतीच्या वाटेला लागतात. देवळापासून पायी जाता येईल इतक्या जवळ असलेले कुस्तीचे खासबाग मैदान त्यांतील बहुतेकांनी पाहिलेलेच नसते, आणि ज्यांनी पाहिले त्यांनी ते दरवाजात उभे राहून, एखादे छायाचित्र काढण्यापुरते पाहिलेले असते. माझी तक्रार या दुसऱ्या मंडळींविषयी अधिक आहे. खासबाग ही उभ्याने पाहण्याची वास्तू नव्हे. तेथे बसले पाहिजे, आणि बसायचे तेही अगदी वरच्या, हौद्यापासून सर्वांत लांबच्या ओळीत.

राजर्षी शाहू छत्रपती 1902 साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले असता, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार पाहिले, आणि स्वतः तालमीत घाम गाळलेल्या त्या राजाच्या मनात आपल्या प्रजेसाठीही असे स्थान असावे ही कल्पना रुजली, असे सांगतात. 1907 ते 1912 या अवधीत कोल्हापूर संस्थानाने ते मैदान बांधून काढले आणि इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन या नामांकित मल्लांच्या कुस्तीने ते गाजते झाले. रोमच्या त्या क्रीडागारात माणसे मरताना पाहण्यासाठी माणसे बसत असत. महाराजांनी तिथली बैठकीची रचना तेवढी उचलली आणि रक्तपात तिथेच सोडून दिला. आपल्या मातीत पाठीवर पडलेला गडी उठतो, अंगाची माती झटकतो, विजयी जोडीदाराला मिठी मारतो आणि फेटेवाल्या वस्तादांच्या पाया पडून खाली उतरतो.

आता बैठकीकडे वळतो, कारण माझा सारा जीव तिथेच गुंतला आहे. आपल्याकडे पुरणाचे मांडे करायचे असले म्हणजे माळ्यावरची सर्वांत मोठी परात खाली काढतात, हे माझ्या श्रोत्या भगिनींना मी सांगावे असे नाही. खासबाग ही तशी एक भलीथोरली परात आहे. काठ चहूकडून सारखा चढत गेलेला, तळ मधोमध, आणि त्या तळाशी तिंबलेल्या कणकेसारखी हौद्यातील तांबडी माती. मांड्याची कणीक जशी पाण्याचा हबका मारमारून, आपटून आपटून मऊ करावी लागते, तशीच ती मातीही ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून मळावी लागते, पुनःपुन्हा उकरावी लागते, तेव्हा कुठे पडणाऱ्याचे हाड सुरक्षित राहते. परंतु माझा मुद्दा कणकेचा नाही. परातीच्या काठाचा आहे. तीच कणीक उथळ ताटात मळायला घ्या, निम्मे पीठ भुईवर जाईल. काठ आहे म्हणून सारे मध्याकडे येते. खासबागेत माणसाची नजर अशीच आपसूक मध्याकडे येते. पुढच्या माणसाचे डोके आड येत नाही, टाचा उंचावाव्या लागत नाहीत. शेवटच्या ओळीत बसलेल्या शेतकऱ्यालाही पैलवानाने पट काढला की ढाक लावली, हे स्वच्छ दिसते, आणि दिसते म्हणूनच कळते.

पुन्हा सांगतो, कारण हे ऐकताना कुणाचे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे गेले असेल: दिसते म्हणूनच कळते. कुस्ती खडाखडीतच रेंगाळली तर खासबागेत लोक अस्वस्थ होतात, नुरा कुस्तीचा नुसता वास आला तरी कल्लोळ करतात, आणि हरलेल्याने घातलेला एखादा सुंदर डाव पाहून त्यालाही बक्षिसी देतात. ही जाण पुस्तकातून आलेली नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथला सामान्य माणूस नीट बसून पाहत आला, त्याची ती कमाई आहे. 1952 साली हेलसिंकीहून ब्राँझपदक आणणारे खाशाबा जाधव कोल्हापुरातच शिकले, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि 1960 चे हिंदकेसरी गणपत आंदळकर कोल्हापूरच्याच तालमींत घडले. असे प्राचार्य आणि असे मल्ल ज्या गावात निपजतात, त्या गावाला पाहण्याची शिस्त असते.

त्या मैदानाच्या पाठीला पाठ लावून महाराजांनी 1915 साली पॅलेस थिएटर उभे केले. आज ते संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला नांदी. आपल्याकडे आखाजीच्या आसपास गावोगाव यात्रा भरतात, तेव्हा दिवसा कुस्त्यांची दंगल आणि रात्री तमाशा हा क्रम आपल्या अंगवळणीच पडलेला आहे. दुपारी हलगीच्या तालावर ज्याची मान डोलते, तोच रात्री ढोलकीपुढे मांडी घालून बसतो. आपण जे एका दिवसापुरते मांडतो आणि दुसऱ्या दिवशी गाड्यावर लादतो, ते महाराजांनी दगड-चुन्यात कायमचे बांधून ठेवले. बळ आणि कला यांचा रसिक एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळाले आणि मैदानाच्या बाजूलाही त्याची झळ पोचली. त्या रात्री तेथे जमलेले कलावंत आणि पैलवान रडत होते, आणि कोण कशासाठी रडतो हे वेगळे करून सांगता आले नसते.

आता तुलनेसाठी दुसरी जागा पाहा. पुण्याजवळ बालेवाडीस 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. तेही अवश्य पाहावे. धावपट्टी, जलतरण तलाव, नेमबाजी, सर्व काही तेथे आहे आणि खेळाडूंची सोय उत्तम आहे. पण स्पर्धा नसताना तेथे सहज म्हणून कोण जाते? गावाच्या रोजच्या गाण्या-बजावण्यापासून, देवळापासून, बाजारापासून ते दूर पडले.

मग आपल्याकडे काय? चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी 2014 ते 2016 अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा आपल्या खान्देशात आणली. मल्लांची वाण आपल्याला नाही. वाण आहे ती पाहणाऱ्याच्या जागेची. एका तालुक्याच्या गावी मी दंगलीला गेलो होतो. हौद्याच्या तोंडाशी सन्माननीयांच्या खुर्च्यांची रांग, तिच्यामागे त्यांच्याबरोबर आलेली माणसे उभी, आणि ज्यांच्या वर्गणीवर दंगल भरली ते शेतकरी पार मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढून माना ताणत होते. लहान पोरांना नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या. ते पोर उद्या मातीत का उतरेल? बांधकामाला लाखांची तरतूद करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, व्यासपीठ आणि कमान मागाहून होऊ द्या. आधी मैदानाभोवती चहूबाजूंनी मातीचा चढ घाला, मुरूम दाबा, गवत लावा. खुर्च्या खाली मांडू नका. परातीला काठ द्या.

मुलींच्या कुस्तीविषयी आज बोलायचे मनात होते, कारण आता आपल्या खेड्यांतील मुलीही या मातीत उतरू लागल्या आहेत आणि त्यांना पाहायला आयाबहिणींनी कुठे बसावे, हा प्रश्न तर... पण काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे.

तेव्हा एवढेच सांगतो. कोल्हापूरला गेलात तर मुलांना घेऊन खासबागेत जा, वरच्या ओळीपर्यंत चढा आणि निदान अर्धा तास बसा. दुसऱ्या दिवशी पहाटे गंगावेस किंवा मोतीबाग तालमीकडे जाणे झाले, तर पायताण बाहेर काढा, वस्तादांची परवानगी घ्या, मातीच्या कडेला पाय लागणार नाही अशा बेताने भिंतीशी बसा, आणि पोरांचे जोर चालू असतील तोवर त्यांच्याशी बोलायला जाऊ नका.