विषाणू गेला, आता घेऊ का?

(वसंत व्याख्यानमालेत एका यकृततज्ज्ञांनी दिलेले व्याख्यान, संक्षिप्त)



पत्रिकेत आजचा विषय ‘हेपटायटिस सी : काल आणि आज’ असा छापला आहे. काल आणि आज मी चटकन उरकतो. १९८९मध्ये हा विषाणू ओळखला गेला, त्या कामाला २०२०चं नोबेल मिळालं, रक्तातून आणि दूषित सुयांतून तो पसरतो, हे आपण वाचलेलं आहे. इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्षभर टोचून घ्यायची आणि घेणाऱ्यांतल्या जेमतेम निम्म्यांनी बरं व्हायचं, ते दिवस गेले. आता बहुतेकांना सोफोसबुवीर आणि डाक्लाटासवीरच्या गोळ्या १२ आठवडे पुरतात. शंभरातले ९५च्या आसपास बरे होतात आणि २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे.

मला बोलायचंय ते त्यानंतरचं. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्त तपासतात. ‘विषाणू आढळला नाही’ असा रिपोर्ट येतो. पेशंट आभार मानून उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, “डॉक्टर, आता थोडी घेतली तर चालेल ना?” (हशा) हा माणूस शहाणा आहे हो. न विचारता घेणारे कितीतरी आहेत!

आधी एक भीती काढून टाकतो. दारू प्यायल्याने विषाणू परत येत नाही. दारू पितो म्हणून कुणाला हे औषध नाकारणंही चूक आहे. खोटी भीती घातली की ती एक दिवस उघडी पडते आणि मग खरं सांगितलेलंही कुणी ऐकत नाही.

खरं असं आहे. भाडेकरू घर सोडून गेला, म्हणून त्याने पाडलेल्या भिंती आपोआप उभ्या राहत नाहीत. विषाणूने वीस-तीस वर्षं यकृतात जे व्रण केले, ते रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी तिथेच असतात. यकृताला उसंत मिळाली तर ते पुष्कळांत हळूहळू भरून येतात. दारू ती उसंत देत नाही. विषाणूच्या त्रासाने ज्या पेशी व्रणाचे धागे तयार करत होत्या, त्यांनाच ती पुन्हा कामाला लावते.

म्हणून माझा हट्ट आहे की, बऱ्या झालेल्या प्रत्येकाला उपचारापूर्वीचा आपला फायब्रोस्कॅनचा, म्हणजे यकृताच्या कडकपणाचा, आकडा पाठ हवा. साधारण साडेबारा किलोपास्कलच्या वर गेला, की सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी भरून गेलंय, असं धरतात. फायब्रोस्कॅन झाला नसेल, तर रक्ताच्या साध्या तपासण्या आणि वय यांवरूनही अंदाज बांधता येतो.

आमच्याकडे एक अडतव्यापारी यायचे. तरुणपणी अपघात झाला तेव्हा रक्त चढवलं होतं, त्यातून आलेला आजार. आकडा सोळा. रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी पेढे घेऊन आले. बायको हळूच म्हणाली, “ह्यांना मित्रांनी ढाब्यावर बोलावलंय, तेवढं बोला.” मी नको म्हणालो. त्यांनी फाइल पुढे सरकवली, “एसजीपीटी नॉर्मल आहे की!” एसजीपीटीवरून आजची सूज कळते, जुने व्रण कळत नाहीत, हे मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी आले तेव्हा मोबाइलच्या कव्हरमध्ये फायब्रोस्कॅनची घडी घातलेली चिठ्ठी होती. ढाब्यावर सगळे म्हणाले, “पार्टी तुझी, एक तरी घे.” तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. वाद मिटला. (टाळ्या) पुढे आकडा अकरावर आला, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न! (हशा) उत्तरही तेच. सूज उतरली की आकडा उतरतो. त्यावरून सिरोसिस गेला असं म्हणता येत नाही. कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची.

मागून एक चिठ्ठी आली आहे : ‘आम्ही फक्त बिअर घेतो.’ हिशोब करू. ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे एका बाटलीत चार पेग. दुसरी चिठ्ठी : ‘आजोबा रोज घेत, नव्वदी गाठली.’ आनंद आहे; पण आजोबांच्या यकृतात आधीचे व्रण होते का? मी इथे व्यसनमुक्तीचं कीर्तन करायला उभा नाही. तुमच्या यकृताबद्दल बोलतोय.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. रक्तदान, टॅटू, पुन्हा होणारा संसर्ग, सगळं राहिलं. प्रश्नोत्तरांत घेऊ. तेवढा निकाल सांगतो. सिरोसिस असेल, तर थेंबही नाही, कायमचा नाही. सिरोसिस नसेल, तरी सुरक्षित म्हणावं असं प्रमाण माझ्याकडे नाही. माझा सल्ला न घेण्याचाच आहे. रोज पिणाऱ्याने मात्र एका दिवसात तोडू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या मदतीने सोडावी.

आणि मित्रमंडळींना विनंती : या आजारातून उठलेल्या माणसाला ‘एकच घे’ म्हणू नका. तो माणूस तुम्हीच असाल, तर उद्या सकाळी फाइल काढा आणि आपला आकडा शोधा.