बेडूकतोंड्या

आज ज्या पक्ष्याची ओळख करून द्यावयाची, तो आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेला नसेल. पण तो बसला होता त्या झाडाखालून मात्र कांहीं जण गेले असतील. साळुंकीएवढ्या या पक्ष्याला आपण बेडूकतोंड्या म्हणूं. शास्त्रज्ञांनीं ठेविलेलें बॅट्राकोस्टोमस हें ग्रीक नांवहि तोच अर्थ सांगतें. चोंच आंखूड पण अशी रुंद, कीं ती उघडली म्हणजे सगळें डोकेंच दुभंगल्यासारखें वाटतें! तिच्या मुळाशीं राठ केंसांचे झुबके असतात.

मान ताठ करून फांदीवर उभा बसणारा हा पक्षी, डोळे समोर असल्यामुळें घुबडाच्या कुळांतला वाटतो. परंतु तें साम्य वरवरचें आहे. घुबड पायांच्या नख्यांनीं शिकार धरतें. याचे पाय दुबळे, सारी मदार तोंडावर. जुन्या ग्रंथांतून त्याला रातव्यांच्या गणांत बसवीत. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून या कुळाचा गणच निराळा मानूं लागले आहेत, आणि गंमत अशी कीं, घुबडापेक्षां आपल्या पाकोळ्या त्याला नात्यानें जवळच्या ठरल्या आहेत. याचे भाऊबंद पूर्व हिमालयापासून मलाया-बोर्निओपर्यंत आहेत. ऑस्ट्रेलियांत तर याहून बरेच मोठे चुलते आहेत.

आपला बेडूकतोंड्या मात्र श्रीलंका आणि सह्याद्रीचा दक्षिण भाग सोडून जगांत कोठेंहि नाहीं. केरळांतील तट्टेकाडचें पक्षी-अभयारण्य (स्थापना १९८३) त्यासाठीं प्रसिद्ध आहे. गोव्यांत मोलें व बोंडला येथें तो आढळतो, आणि उत्तरेस आपल्या तिळारीच्या रानांतहि. दाट, ओलसर जंगल, वेलींचें जाळें व कळकाचीं बेटें त्याला लागतात.

फार दिवस तो अतिशय दुर्मिळ समजला जाई. त्याचें खरें कारण हें कीं, लोक त्याला डोळ्यांनीं शोधीत होते. तिन्हीसांजेला मादीची कर्कश, उतरत जाणारी किंकाळी व नराचा बेडकासारखा भरभर चाललेला सूर ओळखतां येऊं लागल्यावर, योग्य त्या रानांत तो बराच आहे असें दिसून आलें. रात्रभर तो किडे टिपतो आणि दिवसां जोडीनें अंगाला अंग लावून झोंपतो. नर करडा, मादी तांबूस. दोघें मिळून सुकलेल्या पानांचा झुपका! चाहूल लागली, तर उडावयाचें नाहीं. चोंच हळूहळू आभाळाकडे करावयाची आणि मोडक्या फांदीचा बुंधा व्हावयाचें.

घरटें तळहातावर मावेल एवढें. आंत मऊ पिसें, बाहेरून दगडफूल आणि सालीचे तुकडे, असें तें फांदीच्या गांठीसारखें दिसतें. दक्षिणेंत जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी त्यांत एकच पांढरें अंडें घालते. दिवसां बहुधा नर तें उबवितो. म्हणजे उन्हाचे ते सगळे तास त्या एका अंड्याचें रक्षण नराच्या निश्चलतेवर अवलंबून! ससाण्यापुढें ही युक्ति चालते. कुऱ्हाडीपुढें चालत नाहीं. आणि हल्लीं छायाचित्रें घेणारी मंडळी या पक्ष्याच्या हातभर अंतरावर जाऊन उभी राहतात, आणि 'किती धीट आहे!' असें म्हणतात, याला काय म्हणावें? तो धीट नसतो, भ्यालेला असतो.

ही चूक मींहि केली आहे. मोलेंच्या रानांत वाटाड्यानें बोट दाखविलें, तरी मला पुष्कळ वेळ नुसतीं पानेंच दिसत होतीं. मग एका पानाला मिशा दिसल्या! मी आनंदानें आणखी पुढें सरकलों, तशी त्याची चोंच वर गेली आणि डोळ्यांची बारीक फट तेवढी राहिली. वाटाड्यानें माझी बाही ओढली व म्हणाला, "मागें या, साहेब, अंडें आहे." आम्ही वीसएक पावलें मागें आलों, तेव्हां कोठें ती चोंच हळूहळू खालीं आली.