जवानाची लस : सक्ती की संमती?

फौजेतल्या माणसाला लस टोचून घेण्याची सक्ती करावी का, हा वाद आपल्याकडेही न्यायालयात गेला.

२०२१ साली जामनगरच्या एका कॉर्पोरलनं कोविडची लस नाकारली. हवाई दलानं त्याला बडतर्फीची नोटीस दिली आणि तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. केंद्राचं म्हणणं असं, की नागरिकांना लस ऐच्छिक असली, तरी हवाई दलात ती सेवेची अट आहे. देशभरात हवाई दलातल्या नऊ जणांनी नकार दिला होता, त्यांपैकी नोटिशीला उत्तरच न देणाऱ्या एकाला सेवेतून काढलं होतं.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कुणालाही जबरदस्तीनं लस देता येत नाही. अमेरिकेनं मात्र लस नाकारणाऱ्या आठ हजारांवर सैनिकांना घरी पाठवलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सक्तीचा आदेशच मागे घेतला.

बराकीत खाटेला खाट लागून असते, पाणी एकाच टाकीचं. एकाचा ताप तुकडीभर पसरायला वेळ लागत नाही. त्यामुळे अट मला योग्य वाटते. पण डॉक्टरनं जवानाची शंका शांतपणे ऐकायलाच हवी. १८९३-९४ मध्ये पटकीची लस तयार करणारे हाफकिन आग्र्याच्या छावणीत आणि पुढे कोलकात्याच्या वस्त्यांत ती लस घेऊन गेले, तेव्हा त्यांनी स्वखुशीनं पुढे येणाऱ्यांनाच सुई टोचली. स्वतःला तर त्यांनी ती आधीच टोचून घेतली होती.