घरातील आवाज आणि कंडेन्सर मायक्रोफोन

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरसूचना आणि शिक्षणनिधी हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय होत, आणि ते तसेच चालू राहावेत. आज त्यांच्या जोडीस आम्ही एक निराळा विषय मांडीत आहोत. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कंठी असलेल्या ओव्या, गौळणी, भजने व मंगलगीते चांगल्या यंत्रावर मुद्रित करून ठेवावीत, आणि हे काम पुढील वर्षावर न ढकलता याच वर्षी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या जिल्ह्याला ऐकून टिपून ठेवण्याची परंपरा नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. श्रीज्ञानेश्वर सांगत गेले व सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, असे परंपरा सांगते. लिहून घेणारा जवळ होता म्हणून ते धन आपल्या हाती आले. पुढे संगमनेरास शाहीर अनंतफंदी (१७४४ ते १८१९) झाले. त्यांचे कवन आज वाचावयास मिळते. परंतु तो आवाज व ती डफाची थाप कायमची लोपली. त्या काळी आवाज धरून ठेवणारे साधनच नव्हते, म्हणून कोणास दोष देता येत नाही. आज साधन आहे. तेव्हा आपल्या आजीचा आवाज हरवला, तर पुढील पिढी आपणांस ती सवलत देणार नाही.

या साधनाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे आणि सुमारे तीन मिनिटांत चीज संपवावी लागे. नाजूक आवाज व मंद वाद्ये त्या कर्ण्यात उमटतच नसत. १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन सिद्ध केला, आणि १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले. तेव्हापासून हळू गाणाऱ्यासही ध्वनिमुद्रिकेत स्थान मिळाले. आमच्या मते या शोधाचे खरे मोल येथे आहे. कारण आपल्या घरांतील गाणी बहुतेक हळूच गाइली जातात.

या यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. त्यात एक अतिशय पातळ, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो व त्याच्यामागे अगदी जवळ धातूची स्थिर तबकडी असते. त्या दोहोंमध्ये विद्युत्भार ठेवलेला असतो. आवाजाने पडदा हलला की मधले अंतर कमीजास्त होते आणि तेवढाच फरक विजेत उमटतो. यासाठी मायक्रोफोनला बाहेरून वीज द्यावी लागते. ती बहुधा ४८ व्होल्टची असून मुद्रणयंत्राकडून त्याच तारेतून येते. तिला फँटम पॉवर म्हणतात. मांडवात वापरला जाणारा माईक बहुधा डायनॅमिक जातीचा असतो. त्यातील पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते व ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. तो दणकट असतो आणि जवळचेच अधिक ऐकतो, म्हणून मांडवात तोच योग्य. पडदा हलका असल्यामुळे कंडेन्सरला श्वास, बांगडीचा किणकिणाट व तंबोऱ्याची जवारी बारकाव्यानिशी ऐकू येते.

कोणी म्हणेल, मोबाईल खिशात असताना वेगळे यंत्र कशाला? मोबाईलमधील माईकही बहुधा कंडेन्सर तत्त्वाचाच, पण अतिसूक्ष्म असतो. अडचण वेगळीच आहे. संभाषण स्पष्ट व्हावे म्हणून मोबाईल बहुधा आवाजात स्वतःच फेरफार करतो. मोठा सूर तो दाबतो, हळू सूर उचलतो, आणि एकसारखा चालणारा नाद हा गोंगाट समजून पुसू पाहतो. तंबोऱ्याचा षड्ज व जात्याची घरघर हे दोन्ही एकसारखेच नाद! जे जपावयाचे तेच पुसले जाते. तथापि दुसरे काही नसेल तर मोबाईलवर का होईना, अवश्य मुद्रण करावे.

कंडेन्सर माईक सर्व काही ऐकतो. हा त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. पंखा, शीतकपाट, कुकरची शिटी, अंगणातील कोंबडा, उसाच्या हंगामात रस्त्याने जाणारे ट्रॅक्टर, यांपैकी तो कशासही वगळीत नाही. म्हणून माईक उघडण्यापूर्वी घर शांत करावे. पत्र्याची अथवा रिकामी फरशीची खोली टाळावी. जेथे गाद्या, गोधड्या व कपड्यांची मांडणी आहे अशी आतली खोली उत्तम, कारण तेथे आवाज घुमत नाही. मुद्रणयंत्र बॅटरीवर चालणारे असावे. मग गावची वीज गेलेली वेळ हीच सुवेळ ठरते, कारण त्या वेळी पंखे आणि मोटारी आपोआप बंद असतात. जात्यावरील ओवीची वेळही पहाटेचीच. पूर्वजांनी ती दळणासाठी निवडली, मुद्रणासही तीच सोयीची आहे.

आता अंतराविषयी. गाणाऱ्यापासून माईक सहा ते नऊ इंचांवर, तोंडाच्या किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे ‘प’ व ‘फ’ उच्चारताना श्वासाचा फटका त्यावर बसत नाही. मध्ये बारीक कापडाची चौकट ठेवल्यास अधिक बरे. पुष्कळ मोठ्या माईकांचे तोंड टोकाला नसून कुशीला असते. ते आधी पाहून घ्यावे. एकाच बाजूने ऐकणारा माईक असेल तर त्याची पाठ रस्त्याकडे करावी. तो फार जवळ नेला की खर्ज फुगतो. फार दूर नेला की खोलीच अधिक ऐकू येते. उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते, हे ध्यानात ठेवावे.

वाद्यांची तऱ्हा निराळी. पेटी दीड ते दोन फुटांवरून घ्यावी. भात्याजवळ माईक नेल्यास सुरांऐवजी हवेचा फुसफुसाट येतो. तबला‑डग्ग्यावर माईक फूट‑दीड फूट उंच धरावा, म्हणजे चाट आणि घुमारा यांचा तोल राहतो. पखवाजाची दोन तोंडे दोन प्रकृतीची, म्हणून एकच माईक असल्यास तो समोर मधोमध ठेवावा. टाळ मात्र सर्वांत मागे. त्याचा तीक्ष्ण नाद जवळून घेतला तर शब्द बुडतात. एकाच माईकवर सारे भजन घ्यावयाचे असेल तर बटणे फिरवीत बसण्यापेक्षा माणसेच पुढेमागे बसवावीत: गाणारा पुढे, पेटी बाजूस, पखवाज मागे आणि टाळकरी त्याहून मागे. दोन माईक असल्यास, त्यांच्यामधील अंतर माईक व गाणारा यांच्यामधील अंतराच्या निदान तिप्पट असावे.

मुद्रणयंत्राची पातळी ठरविताना सर्वांत चढा सूर आधी गाऊन घ्यावा, व तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे करावे. आवाज फाटला तर तो पुन्हा शिवता येत नाही. चोवीस बिट, सेकंदास ४८,००० नमुने, आणि आकुंचन न केलेली फाईल घ्यावी. एका माईकच्या तासाभराच्या मुद्रणास सुमारे ५१८ मेगाबाइट जागा लागते; आजच्या काळी ती काहीच नव्हे. प्रत्येक फाईलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. आपल्याकडील धूळ व पावसाळी दमट हवा यांपासून माईक जपावा. वापर संपताच तो पेटीत बंद करावा. चालतो की नाही हे पाहण्यास त्यावर फुंकर मारू नये.

आरंभी गाणाऱ्या व्यक्तीने आपले नाव, माहेर, सासर व तिथी स्वतः सांगावी. गौहरजान आपल्या मुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत असत. त्यामुळे आवाज कोणाचा याचा संशय उरला नाही.

असे काम आपल्या मायबोलीत झालेले आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यास राहून, गावोगावच्या सहकाऱ्यांसह, हजारावर खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी काही बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रितही केल्या, व ‘पारी’ या संकेतस्थळावर गाणाऱ्या स्त्रियांच्या नावानिशी त्या आज ऐकावयास मिळतात. कागदावरील ओवी आपण वाचतो. आवाजातील ओवीत मात्र जात्याचा फेरा, मधला दम आणि ओळीच्या शेवटचा हेल कळतो. म्हणून आमचा आग्रह असा की, जेथे जाते आहे तेथे ते फिरवीतच ओवी म्हणावयास सांगावे. हात थांबला की पुष्कळ जणींस शब्द आठवत नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. ओवीत केवळ देव व भाऊराया नसतो. सासरचा जाच, सवतीचे दुःख, पोटी मूल नसल्याचे शल्य हेही असते, आणि क्वचित घरातील माणसांची नावेही येतात. मुद्रण चालले असता ‘हे नको, ते गाळा’ असे घरातील पुरुषांनी म्हणू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. जे उघड बोलता आले नाही ते त्या बाईने जात्याला सांगितले. ते कोणी व केव्हा ऐकावे हे ठरविण्याचा अधिकार गाणारीचा. तिने ‘घरातच ठेवा’ म्हटले तर ते घरातच राहावे. पण पुसले जाऊ नये.

अखेरची सूचना. संस्थेने एक चांगला कंडेन्सर माईक, एक बॅटरीवरचे मुद्रणयंत्र व एक भक्कम घोडी घ्यावी, आणि अकोल्यापासून जामखेडपर्यंत प्रत्येक तालुक्यातील दोन तरुण व दोन तरुणींना ती वापरण्यास शिकवावे. यंत्र पाळीपाळीने घरोघर जाईल. सभासद कुटुंबांनी एवढेच करावे: घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीसाठी एक शांत पहाट राखून ठेवावी. यंत्र पुढील वर्षी अधिक स्वस्त व अधिक चांगले मिळेल; ती व्यक्ती पुढील वर्षी असेलच असे नाही.