लोकसंख्येचे भाकीत आणि त्याच्या मर्यादा

कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या तीनच मार्गांनी बदलते : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. यांपैकी पहिल्या दोहोंचा अंदाज बऱ्याच विश्वासाने बांधता येतो. आज पाच वर्षांचे असलेले मूल जगले तर वीस वर्षांनी पंचवीस वर्षांचे होणार, हे निश्चित असते. प्रजननमान व मृत्युमान हेही सहसा सावकाश बदलतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ प्रत्येक वयोगट असाच पुढे सरकवीत नेतात. स्थलांतराचे मात्र तसे नाही. माणूस रोजगाराच्या मागे जातो, आणि रोजगार कोठे निर्माण होईल हे जन्ममृत्यूच्या कोष्टकात सापडत नाही.

भिलाईचे उदाहरण घ्यावे. १९५१च्या जनगणनेचे आकडे पुढे ठेवून दुर्ग परिसराचे भविष्य वर्तविणाऱ्यास पोलादनगरीची चाहूल लागणे शक्य नव्हते. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या मुलखात नगर वसले. परंतु हा आरंभीचा वेग कायमचा मानणाराही फसला असता. २००१ ते २०११ या दशकात छत्तीसगढची लोकसंख्या २२.६१ टक्क्यांनी वाढली. दुर्ग-भिलाई नागरी समूहाची वाढ, ९,२७,८६४ वरून १०,६४,२२२, म्हणजे सुमारे १४.७ टक्केच होती. दुर्गच्या पश्चिमेस रसमडा येथे औद्योगिक क्षेत्र आहे. अशा ठिकाणची पुढील वस्ती किती, हा प्रश्न पाळण्यांपेक्षा तेथील कारखान्यांवरच अधिक अवलंबून असतो.

रोजगार माणसे आणतो, तसा त्याचा अभाव माणसे नेतो. १९९१ ते २००१ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी वाढली होती. तोच दर पुढे चालविला असता, तर २०११मध्ये ती साडेअठरा लाखांच्या वर भरावयास हवी होती. प्रत्यक्षात ती १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. त्याच दशकात तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्यात २९ लाखांहून अधिक माणसांची भर पडली. रत्नागिरीत २०११मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. घरचा कर्ता मुंबईस आणि कुटुंब गावी, ही कोकणची जुनी रीत या एका आकड्यात उमटली आहे. पुढे कुटुंबही निघाले की शाळेच्या पटावरील मुलेही कमी होतात.

अमेरिकेतही असेच घडले. कोळशाच्या खाणींवर विसंबलेल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९५०मध्ये सुमारे २० लाख लोक होते. २०२०मध्ये ते १८ लाखांहून कमी भरले, आणि त्या राज्याची प्रतिनिधिगृहातील एक जागा गेली. टेक्सासला दोन जागा अधिक मिळाल्या. तेथे दर दहा वर्षांनी शिरगणती होते व जागांचे वाटप तीवरूनच ठरते, भाकितावरून नव्हे.

भारतात हा भेद आज विशेष महत्त्वाचा ठरला आहे. २००१च्या जनगणनेवर आधारलेल्या अधिकृत अंदाजाने २०११साठी सुमारे ११९.३ कोटी हा आकडा सांगितला होता, मोजणीत १२१.०९ कोटी माणसे निघाली. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही चूक लहान, तरी ती पावणेदोन कोटींहून अधिक माणसांची होती. राज्य, जिल्हा, तालुका असे खाली उतरावे तसा स्थलांतराचा वाटा वाढतो आणि अंदाज अधिकाधिक डळमळीत होतो. २०२१ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. बहुतेक देशासाठी पुढील गणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरविण्यात आली. दरम्यान २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थींची संख्या २०११च्या गणनेवरच बेतलेली राहिली. त्यानंतर वाढलेली माणसे त्या संख्येत धरलेली नाहीत. भूक मात्र त्यांनाही लागते.

म्हणून भाकीत निरुपयोगी ठरत नाही. आजचे प्रवाह असेच चालू राहिले तर काय होईल, हे ते सांगते आणि वेळीच सावध करते. मात्र शिधा, शाळा व प्रतिनिधित्व यांची वाटणी ज्यावर व्हावयाची, तो आकडा दारोदार जाऊनच मिळवावा लागतो.